मौनाची मुदत

परदेशी जाऊन पंधरा दिवस, महिनाभर पायी चालण्याची आकांक्षा आता केवळ मोठ्या शहरांतील गिर्यारोहकांपुरती राहिलेली नाही. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, कोयना प्रकल्पाच्या आश्रयाने वाढलेल्या अलोऱ्यासारख्या गावातही अशी माणसे भेटतात, की ज्यांनी सह्याद्रीच्या वाटा आयुष्यभर तुडवल्यानंतर नेपाळातील एव्हरेस्टच्या तळछावणीचा किंवा स्पेनमधील सांतियागोच्या यात्रामार्गाचा संकल्प सोडला आहे. त्यांची तयारी पाहिली तर बुटांचा, औषधांचा, परकीय चलनाचा आणि विम्याचा विचार काटेकोरपणे झालेला असतो. परंतु खिशातील मोबाइल केव्हा वापरावयाचा आणि केव्हा वापरावयाचा नाही, ह्याविषयी घरातल्या माणसांशी बसून काही ठरवले गेल्याचे क्वचितच आढळते. माझे मत असे आहे, की लांबच्या पायी प्रवासात ह्या यंत्राने अखंड संपर्क राखावा ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. प्रवाशाचे मौन घरच्यांना निर्भयपणे सोसता येईल इतकी तजवीज त्याने केली, म्हणजे त्याचे कार्य झाले. आणि ही तजवीज निघण्यापूर्वीच, उंबऱ्याच्या आत, दोन्ही पक्षांच्या संमतीने झाली पाहिजे.

माणसाची खबर न येणे म्हणजे काय, हे आमच्या ह्या परिसराला कोणी शिकवावयाची गरज नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे घाटमाथ्यापलीकडचे कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा प्रकल्पावर कामाला आलेल्या माणसांचे आप्त साऱ्या महाराष्ट्रात विखुरलेले होते; बातमीत गावाचे नाव येत होते, आपल्या माणसाचे येत नव्हते, आणि ती उणीव एखाद्या पत्राने किंवा तारेने भरून निघेपर्यंत वाट पाहण्यावाचून त्यांच्या हाती काही नव्हते. पुढे अर्धशतक लोटले, २०१३ च्या जुलै महिन्यात तारसेवाही बंद झाली, घराघरांत मोबाइल आले. तरीही २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, आणि मुंबई-पुण्यापासून दुबई-अमेरिकेपर्यंत पसरलेली आमची मुलेबाळे तेच ते क्रमांक पुनःपुन्हा लावीत बसली. त्या दिवशी परदेशी होते ते सुखरूप होते आणि घरी होते ते संकटात होते. खुशालीची ओढ दोन्ही बाजूंना सारखीच असते, आणि ती भागवणारे साधन नेमक्या गरजेच्या घटकेला बंद पडू शकते, हे दोन्ही धडे त्या एका दिवसाने आम्हांला दिले.

तथापि मौन सोसण्याची शक्ती सर्व काळी सारखी नसते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरची विपन्नावस्था दूर व्हावी म्हणून काकांसह उत्तरेकडे निघाले. त्या काळच्या कोकणातील कुटुंबाच्या दृष्टीने तो मुलूख परदेशच होता. वाटेत बंडाची धुमाळी उठली, झाशीच्या वेढ्यात ते स्वतः सापडले, लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात परतले. त्यांनी लिहून ठेवलेली ती हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ ह्या नावाने प्रसिद्ध केल्यामुळे आज आपल्यासमोर आहे. त्या सगळ्या काळात वरसईच्या घराने काय भोगले असेल, ह्याची कल्पनाच करावी. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये, की त्या घराला प्रतीक्षेचे एक माप ठाऊक होते. दूर गेलेल्या माणसाची खबर महिनोन्‌महिने येत नाही, हा तेव्हा सृष्टिक्रम होता, आणि म्हणून न आलेल्या पत्राचा अर्थ लागलीच अशुभ असा केला जात नसे. मोबाइलने हे माप महिन्यांवरून तासांवर आणले. संदेशापुढे ‘एकच टिक’ दिसते आहे, दुसरी उमटत नाही, एवढ्या कारणावरून आजची आई रात्र जागून काढते. आणि वस्तुस्थिती बहुधा एवढीच असते, की मुलगा एव्हरेस्टच्या वाटेवरील नामचे बाजारच्या वर कुठल्यातरी दरीत, डोंगराच्या आड, जेथे लहरी पोहोचतच नाहीत अशा जागी, दमून सुखाने झोपलेला असतो.

हे भय अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. २५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी, मध्यान्हीच्या सुमारास नेपाळात ७.८ प्रतीचा भूकंप झाला, लांगटांग हे गाव दरडीखाली गेले, एव्हरेस्टच्या तळछावणीवर हिमलोट कोसळला, आणि त्या वेळी निरनिराळ्या खोऱ्यांत चालत असलेल्या हजारो पदयात्रिकांचे ठावठिकाणे एकाएकी अज्ञात झाले. भारतीय दूरसंचार कंपन्यांनी नेपाळच्या कॉलचे दर तातडीने उतरवले, फेसबुकने आपण सुखरूप असल्याचे कळवण्याची सोय उघडली. पण ज्या वाटेवर वीजही नव्हती आणि टॉवरही नव्हता, तेथील माणसाला ह्या सोयींचा उपयोग काय? अशा वेळी शासनाचा नियंत्रण कक्ष घरच्यांना पहिला प्रश्न विचारतो तो हा, की तुमचा माणूस त्या तारखेला कोणत्या मुक्कामी असावयाचा होता. ज्या घराच्या भिंतीवर तारीखवार मुक्कामांची यादी लावलेली असेल, ते घर ह्या प्रश्नाचे उत्तर क्षणात देईल. आणि ज्या घराने रोजच्या छायाचित्रांवरच भिस्त ठेवली असेल, ते ‘काल कुठल्याशा पुलावरचा फोटो आला होता’ ह्यापलीकडे काही सांगू शकणार नाही. संपर्क विपुल असला म्हणजे माहितीही असते, असा समज करून घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

ह्यावर आजची तरुण पिढी एक तोड सुचवते, ती म्हणजे ‘लाइव्ह लोकेशन’. प्रवाशाने आपले स्थान सतत कळत राहील अशी व्यवस्था करावी, आणि घरच्यांनी नकाशावरचा तो सरकता ठिपका पाहत निश्चिंत राहावे. पण त्या ठिपक्याने निश्चिंती येत नाही. ठिपका सरकत असेपर्यंत पाहणाऱ्याचे लक्ष कामात लागत नाही, आणि तो थांबला म्हणजे काळजाचा ठाव सुटतो. बॅटरी संपली, जाळे तुटले की पाय घसरला, हे ठिपका सांगू शकत नाही. शिवाय ज्याच्यावर अशी नजर आहे त्याच्याही चालण्याला नकळत एक हजेरीचे स्वरूप येते: एखाद्या खेड्यात दोन घटका अधिक बसावे, वाट सोडून एखादे देऊळ पाहावे असे मनात आले तरी ‘घरी उगाच काळजी वाटेल’ म्हणून तो पुढे निघतो. एखाद्या धोक्याच्या टप्प्यापुरती, ठरवून, ही सोय अवश्य वापरावी. महिनाभर ती चालू ठेवणे म्हणजे प्रवासी व घर ह्या दोघांनाही परस्परांच्या नजरकैदेत ठेवणे होय.

आता चालणाऱ्याच्या बाजूने पाहू. लांबच्या वाटेवर पायांइतकेच काम डोळ्यांना व कानांना असते. एव्हरेस्टच्या वाटेवर खेचरांचे व याकांचे तांडे समोरून येतात. त्यांच्या गळ्यातील घंटा कानी पडताच माणसाने दरीची कड सोडून डोंगराच्या अंगाला उभे राहावयाचे असते, हा तेथला पहिला नियम. ज्याच्या कानांत गाणी भरलेली आहेत, त्याला ती घंटा ऐकू येणार नाही. स्पेनमधील फ्रेंच मार्ग हा पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या सँ-झाँ-प्ये-द-पोर ह्या गावापासून सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत सुमारे ७८० किलोमीटरांचा आहे, आणि त्यावर नकाशा हातात धरण्याची गरज सहसा पडत नाही. कारण ओ सेब्रेइरो ह्या डोंगरी गावच्या एलियास वालिन्या नावाच्या धर्मगुरूंनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, ती वाट विस्मृतीत जात असताना, दगडांवर, भिंतींवर, झाडांवर पिवळे बाण रंगवीत नेले, आणि आजही लाखो माणसे त्या बाणांच्या आधाराने चालतात. पंढरीच्या वाटेने ज्यांनी दिंडीत पावले टाकली आहेत, त्यांना ह्या मार्गाचा धर्म सांगावयास नको: पुढच्यांनी ठेवलेल्या खुणेवर विश्वास ठेवणे आणि वाट चुकल्यास समोरच्या माणसाला विचारणे, ह्यांतूनच यात्रेतील माणसे एकमेकांची होतात. प्रत्येक वळणावर पडद्यात पाहणारा प्रवासी वाट चुकत नाही हे खरे. पण ज्याला विचारावयाचे त्या वाटेवरच्या माणसाला तो मुकतो, आणि परदेशातील पायी प्रवासाचे अर्धे फळ तेथेच हातचे जाते.

तर मग मोबाइल घरीच ठेवून का जाऊ नये, असे कोणी विचारील. काही निष्ठावंत पदयात्री तसा आग्रह धरतातही. हा आग्रह मला मान्य नाही, आणि ह्याचे कारण त्याच स्पॅनिश मार्गावर घडलेले आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये अस्तोर्गा गावाजवळ एकट्याने चालणारी एक अमेरिकन यात्रेकरू स्त्री नाहीशी झाली. तिचा खून झाल्याचे उघड होऊन मृतदेह सापडण्यास सप्टेंबर उजाडावा लागला. जगात निर्धोक मानलेल्या वाटेवर हे घडले. त्यानंतर स्पेनच्या गृहखात्याच्या ‘अलर्टकॉप्स’ ह्या अ‍ॅपचा वापर यात्रेकरूंनी करावा असे आवर्जून सांगितले जाते, आणि युरोपीय संघातील सर्व देशांत ११२ हा एकच आणीबाणीचा क्रमांक फुकट लावता येतो. एकट्या निघालेल्या स्त्रीला, हृदयविकाराची गोळी खिशात बाळगणाऱ्या वृद्धाला, भाषा न जाणणाऱ्या कोणालाही हे यंत्र म्हणजे जीवनाधार होऊ शकते. म्हणून ते बरोबर असावे, चार्ज केलेले असावे, हाताशी असावे. आणि संकटासाठी ते राखून ठेवता यावे म्हणूनच एरवी ते बंद असावे.

ह्यासाठी निघण्याआधी घरी बसून जो कागद करावयाचा, त्यात माझ्या मते चार कलमे अवश्य असावीत. पहिले कलम मुक्कामांचे: तारीख, गाव, उतरण्याची जागा, आणि वाटेत संपर्क मिळणार नाही असे टप्पे. दुसरे कलम वेळेचे: दिवसाआड म्हणा किंवा अमुक मुक्कामी पोहोचल्यावर म्हणा, पण खुशाली केव्हा कळवावयाची हे ठरलेले असावे, आणि मधल्या काळात दोन्ही बाजूंनी तगादा नसावा. तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच बहुतेक घरांत राहून जाते. ते म्हणजे मौनाच्या मुदतीचे. ठरल्या वेळी खबर आली नाही तर घरच्यांनी किती काळ स्वस्थ राहावयाचे, एक दिवस, दीड दिवस की दोन दिवस. आणि ती मुदत उलटल्यावर प्रथम कोणाला इतल्ला द्यावयाची: शेवटच्या मुक्कामाच्या धर्मशाळेला, मार्गदर्शकाच्या संस्थेला, विमा कंपनीला, त्या देशातील भारतीय दूतावासाला की परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर. त्यांचे क्रमांक त्याच कागदावर, मोठ्या अक्षरांत. मुदत ठरलेली असली म्हणजे तिच्या आतले मौन हे केवळ मौन राहते, आणि मुदतीबाहेरचे मौन हा कृतीचा आदेश होतो. उतारवयातील आईवडिलांना जी शांत झोप मिळते ती ह्या भेदामुळे, दर तासाच्या संदेशामुळे नव्हे.

चौथे कलम उलट दिशेचे आहे, आणि ते लिहिण्यास मन कचरते. घरी काही अशुभ घडले तर चालणाऱ्याला कळवावयाचे किंवा नाही? विमानतळापासून पाच दिवसांच्या चालीवर असलेल्या मुलाला वडिलांच्या आजाराची बातमी कळवल्याने तो येऊ शकत नाही, फक्त खचतो, आणि खचलेला माणूस घाईघाईने उंची उतरताना किंवा अंधारात वाट काढताना अपघाताला बळी पडू शकतो. तथापि ती बातमी दडवली आणि अंत्यदर्शन हुकले, तर घरात आयुष्यभराचे शल्य राहते. ह्या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. प्रत्येक घराचे उत्तर वेगळे असेल आणि ते ज्याने त्यानेच द्यावयाचे आहे. म्हणूनच ते निघण्यापूर्वी, मन शांत असताना, स्वतः प्रवाशाच्या तोंडून वदवून घेणे हे सर्वांच्या हिताचे आहे. घरातील किरकोळ कुरबुरी, बिले, शेजाऱ्यांचे तंटे ह्यांचा मात्र त्याला उपसर्ग देऊ नये, एवढे तरी निःसंदिग्धपणे ठरवता येते.

यंत्राच्या व्यवस्थेविषयी थोडे व्यवहाराचे सांगणे भाग आहे. भारतीय सिमकार्डावर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी येथूनच सुरू करून घ्यावे. परदेशात तेथले सिम किंवा ई-सिम घेणे बहुधा स्वस्त पडते. युरोपीय संघात तर १५ जून २०१७ पासून एका देशातले सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा आकारावाचून चालते, मात्र स्वित्झर्लंड व ब्रिटन हे त्या नियमाबाहेर आहेत. तरीसुद्धा भारतीय सिम काढून टाकू नये, दुसऱ्या खाचेत जिवंत ठेवावे. कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि तो न आल्यामुळे खात्यात पैसे असूनही परमुलखात अडकून पडण्याची पाळी येते. वाटेचे नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून रात्री फोन पांघरुणात अंगाशी ठेवावा. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी. पारपत्राची, विम्याची आणि औषधांच्या चिठ्ठीची प्रत फोनमध्ये असावी, तशीच कागदावरही असावी; कारण फोन पाण्यात पडला तर कागद बोलतो. आणि एक सक्त इशारा: परदेशात सहज मिळणारी उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे व उपग्रह-फोन आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवान्यावाचून आणण्यास मनाई आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर डोंगरी वाटांवर धावणाऱ्या कॅनडाच्या एका स्त्रीकडे असे यंत्र सापडले आणि तिला पोलिसांच्या चौकशीला सामोरे जावे लागले. तेव्हा त्या देशाच्या कायद्याने मुभा असेल तर असे यंत्र तेथेच भाड्याने घ्यावे आणि तेथेच परत करून यावे.

ही जबाबदारी एकट्या प्रवाशावर टाकून भागणार नाही. आपल्याकडे परदेशी पदयात्रा नेणाऱ्या संस्था निघण्यापूर्वी सभा घेतात, त्यात बूट कोणते घ्यावेत आणि पाणी किती प्यावे हे तासभर सांगतात. त्या सभेला प्रवाशाबरोबर घरातील एका माणसानेही यावे असा रिवाज त्यांनी पाडावा, आणि मौनाच्या मुदतीचा कागद तेथेच दोघांच्या सह्यांनिशी पुरा करून घ्यावा. वाटेत जाळे कोठे मिळते व कोठे मिळत नाही ह्याची खरी माहिती ह्या संस्थांपाशी असते. ‘सर्वत्र संपर्क उपलब्ध’ असे जाहिरातीत छापण्यापेक्षा ती माहिती घरच्यांच्या हाती देणे हे त्यांचे कर्तव्य आहे. मुले परदेशी आणि आईवडील गावी, किंवा आता आईवडील परदेशी वाटेवर आणि मुले नोकरीच्या गावी, अशी विभागलेली कुटुंबे आमच्या तालुक्यात घरोघर आहेत. त्यांना अधिक वेगवान जाळ्यापेक्षा अधिक स्पष्ट समजुतीची गरज आहे.

आपल्या माणसावर विश्वास टाकून त्याला काही काळ नजरेआड होऊ देणे, हे प्रेमाचे एक कठीण रूप आहे, आणि ज्याला तसे जाऊ दिले त्याने ठरल्या वेळी न चुकता खुशाली कळवणे हे त्या विश्वासाचे देणे आहे. मोबाइल ह्या देण्याघेण्याचे साधन होऊ शकतो. ते तो व्हावा किंवा दोघांच्या मानेवरचे जोखड व्हावा, हे ठरवण्याचा अधिकार यंत्राचा नाही, आपला आहे. म्हणून ज्या घरातून कोणी अशा वाटेला निघणार असेल, त्या घराने तिकिटे काढण्याच्या आधी एक संध्याकाळ ह्या एका कागदासाठी राखून ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.